आधी उजेड, मग रंग

दसरा जवळ आला की रंगाच्या दुकानातल्या काउंटरवर शेडकार्डांचे जाडजूड पंखे उघडे पडलेले दिसतात. एकेका पंख्यात हजाराहून जास्त शेड्स. गिऱ्हाईक पाने उलटतं, दोन-तीन चौकोनांवर बोट ठेवतं, घरच्यांना फोटो पाठवतं आणि शेवटी बहुतेक वेळा म्हणतं, ‘जाऊ दे, ऑफव्हाइटच द्या.’ याच घराण्यातल्या तीन पिढ्यांपूर्वीच्या भिंतींना मोजून चार रंग ठाऊक होते: चुन्याचा पांढरा, पिवडीचा पिवळा, काव किंवा गेरूचा तांबडा आणि निळीचा निळा. तरीही ती घरं आजही डोळ्याला बरी वाटतात. त्या चार रंगांमागचं कारण शोधायला गेलं की खोलीचा रंग निवडण्याचं बरंचसं शास्त्र आपोआप हाती लागतं.

कारण चुन्यात आहे. कळीचा चुना पाण्यात विरवला की तो उकळतो, फसफसतो आणि त्याचं पातळ दुधी कालवण भिंतीवर चढतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हा थर पुन्हा दगडाच्या जातीचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट होतो. ओला असताना तो जवळपास पारदर्शक दिसतो. म्हणून पहिला हात मारल्यावर घरमालक कुरकुरतो आणि रंगारी त्याला ‘वाळू द्या, मग बघा’ म्हणून सांगतो. पण ओला चुना तीव्र अल्कधर्मी असतो, आणि त्यात टिकेल असा रंग मिळणं अवघड. हळदीचं उदाहरण प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. हळदीत चुना पडला की ती लाल होते. कुंकवाचा जुना कारखाना त्याच रसायनावर चालायचा. त्यामुळे इतकी मुबलक असूनही हळद भिंतीच्या उपयोगाची नव्हती. युरोपात लोकप्रिय झालेला प्रशियन ब्लू चुन्यात तपकिरी पडतो. तगून राहते ती लोहयुक्त माती: पिवडी, गेरू, काव. आणि टिकते ती नीळ.

ही नीळ म्हणजे कपड्यांना घालायची, अल्ट्रामरीन. एके काळी हा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडातून काढावा लागे आणि तो सोन्याच्या भावाने विकला जाई. फ्रान्समध्ये गिमे याने 1820 च्या दशकात चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत तापवून तो कृत्रिम रीतीने बनवला आणि त्यानंतर नीळ वाण्याच्या दुकानात पुडीत मिळू लागली. आम्लात हा रंग उडतो, चुन्यात मात्र हलत नाही. चुन्याच्या बादलीत चिमूटभर नीळ टाकण्याची पद्धत याच गुणावर उभी आहे. भट्टीचा चुना किंचित पिवळट असतो. नीळ त्यातला पिवळा उजेड गिळते. भिंतीवरून परत येणारा एकूण उजेड त्यामुळे थोडा कमीच होतो, तरी डोळ्याला भिंत जास्त पांढरी वाटते. रंग म्हणजे डब्यातलं द्रव्य कमी आणि डोळ्याने लावलेला हिशोब जास्त, हे आपल्या आज्यांना निळीच्या पुडीने शिकवलं होतं.

कोकणात आणि गोव्यात याच तुटपुंज्या सामग्रीतून एक कला उभी राहिली. जांभ्यातून मिळणारी तांबडी काव चुन्याच्या गिलाव्यावर चढवायची, थर ओला असतानाच टोकदार हत्याराने नक्षी कोरायची आणि खालचा पांढरा उघडा करायचा. कावीचं हे काम देवळांच्या आणि जुन्या घरांच्या भिंतींवर पावसाच्या माऱ्यातही टिकलं, कारण रंग वरून फासलेला नसून गिलाव्याचाच भाग झालेला असतो. वारली घरात कारवीच्या कुडावर शेणमाती, तिच्यावर गेरू आणि त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. आज शहरातल्या हॉलमध्ये एका भिंतीवर ‘वारली’ काढून घेण्याची हौस दिसते, पण बहुतेक जण ती फिक्या क्रीमवर तपकिरी रेघांनी काढतात आणि मग ती मिळमिळीत का दिसते याचं त्यांना कोडं पडतं. गडद मातकट पार्श्वभूमीवर पांढरी रेघ, या विरोधातच त्या चित्राचा जीव आहे.

पणजीच्या फोंतेन्हासमध्ये पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंती आणि खिडक्यांभोवती पांढरे पट्टे दिसतात. पांढरा चर्चसाठी राखीव होता आणि पावसाळ्यानंतर घर रंगवणं सक्तीचं होतं, असं तिथे सांगितलं जातं. सक्तीचं काहीही असो, चुन्याचा रंग चार महिन्यांच्या पावसात धुऊन निघतो, त्यामुळे दरवर्षी रंगवण्याला पर्याय नव्हताच. आणि ती गल्ली एकसंध दिसते याचं श्रेय पुन्हा त्याच मोजक्या रंगद्रव्यांना जातं.

हा तोल कारखान्यांनी मोडला. लोअर परळमध्ये 1920 साली गाहागन पेंट्स सुरू झाली; तीच पुढची नेरोलॅक. दुसऱ्या महायुद्धात परदेशी रंगांची आयात थांबली तेव्हा, 1942 साली, चार तरुणांनी मुंबईत एशियन पेंट्स काढली. हातात डबा आणि ब्रश घेतलेला तिचा गट्टू आर. के. लक्ष्मण यांनी 1954 मध्ये रेखाटला आणि घराघरात पोचवला. डिस्टेंपर आलं, ऑईलपेंट आला, पुढे प्लास्टिक इमल्शन. या सगळ्यांच्या पोटात एक पांढरं द्रव्य आहे, टायटॅनियम डायऑक्साइड. चुन्याच्या थराच्या मानाने ते उजेड फार जास्त विखुरतं, म्हणून दोन हातांत जुनी भिंत झाकली जाते. ते ज्या इल्मेनाइट खनिजापासून बनतं ते रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही आहे. 1990 च्या दशकात दुकानांत टिंटिंग मशीन बसू लागली. पांढऱ्या बेसमध्ये थेंबांच्या हिशोबाने स्टेनर पडू लागले आणि कोणतीही शेड दहा मिनिटांत मिळू लागली. द्रव्याने घातलेली मर्यादा संपली. तिच्या जागी दुसरी शिस्त मात्र आली नाही, आणि माझ्या मते आजच्या घरांतली बरीचशी रंगांची फसगत इथूनच सुरू होते.

शेडकार्डावरचा चौकोन फसवतो कसा, हे आकड्यांत बघण्यासारखं आहे. समजा, एक फिका पिवळा रंग आहे. त्याच्यावर पडलेल्या लाल आणि हिरव्या उजेडातला शंभरातला 80 भाग तो परत पाठवतो आणि निळ्यातला 50. चौकोनावर पडलेला उजेड एकदाच परावर्तित होऊन डोळ्यात येतो, तेव्हा प्रमाण 80 ला 50. पण खोलीत चार भिंती एकमेकींसमोर असतात. एका भिंतीवरून निघालेला उजेड समोरच्या भिंतीवर पुन्हा आपटतो: 80 चे 64 होतात, 50 चे 25. तिसऱ्या आपटीला 51 आणि साडेबारा. प्रत्येक फेरीत निळा निम्म्याने गळतो आणि खोली लिंबासारखी पिवळी होत जाते. कार्डावर नाजूक वाटलेला रंग भिंतीवर अंगावर का येतो, त्याचं हे उत्तर. म्हणून अनुभवी रंगारी कार्डावर पसंत पडलेल्या शेडपेक्षा दोन पायऱ्या फिकी घ्यायला सांगतो. त्याचं ऐकावं.

नुसतं फिकं करूनही पुष्कळदा भागत नाही. बोस्टनमधल्या अल्बर्ट मन्सेल या चित्रकला शिक्षकाने 1905 मध्ये रंगाचे तीन वेगळे गुण मांडले: तो कोणता रंग आहे, किती उजळ आहे आणि किती प्रखर आहे. आपण दुकानात ‘लाइट कलर’ मागतो तेव्हा फक्त दुसऱ्या गुणाबद्दल बोलत असतो. अंगावर येते ती प्रखरता. फिका पण प्रखर पिस्ता रंग चार भिंतींना लावला तर दवाखाना आठवतो; तितकाच उजळ, पण करड्याकडे किंवा मातीकडे झुकलेला हिरवा लावला तर तीच खोली निवांत होते. पिवडी आणि गेरू या मुळातच कमी प्रखर माती आहेत. जुन्या भिंती डोळ्याला सोसतात त्याचं कारण त्यांच्या या मातकटपणात आहे. कार्डावर जी शेड जरा मळकी, नीरस वाटते तीच पुष्कळदा खोलीत खुलते.

दुसरी गोष्ट शेजाराची. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख म्हणून मिशेल शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ 1824 मध्ये रुजू झाला. गालिचांतला काळा रंग पुरेसा काळा दिसत नाही, अशी तक्रार त्याच्यापुढे आली. त्याने सूत तपासलं, काळा पक्का आणि उत्तम होता. खोट होती ती बाजूच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांत. त्यांच्या शेजारी काळा मंद दिसत होता. या एका तक्रारीतून त्याने 1839 मध्ये मोठा ग्रंथ सिद्ध केला. प्रत्येक रंग शेजाऱ्याला आपल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतो, हे त्यातलं मुख्य सूत्र. आपल्या घरात हा शेजारी म्हणजे फरशी. ती सहसा बदलत नाही, तिचं क्षेत्रफळ मोठं, आणि खिडकीतून आलेला उजेड आधी तिच्यावर पडून मग भिंतींवर आणि छतावर उसळतो. शहाबादी फरशी निळसर करडी असते. तिच्या संगतीत पांढरी भिंत पिवळट दिसते आणि करडी भिंत उदास. कोट्याच्या फरशीत हिरवट-तपकिरी झाक असते, तिच्यावर गुलाबी छटेचा ऑफव्हाइट आणखी गुलाबी होतो. मुंबईच्या जुन्या इमारतींत स्वदेशीच्या काळात, 1922 साली, सुरू झालेल्या भारत टाइल्सच्या नक्षीदार सिमेंटच्या फरश्या अजून भेटतात. तिथे भिंतीने गप्प बसावं आणि फरशीतल्याच एका फिक्या रंगाचा धागा उचलावा. आज सर्वत्र दिसणाऱ्या क्रीम रंगाच्या चकचकीत व्हिट्रिफाइड फरशीवर भिंतही क्रीमच लावली तर खोली पिवळट धुक्यात बुडते.

मग उजेड. परदेशी सजावटीच्या पुस्तकांत सांगतात की उत्तरेची खोली थंड, तिला पिवळे-केशरी रंग द्या. हा नियम जिथे सूर्य वर्षभर दक्षिणेकडे कलून राहतो तिथला आहे. मुंबई 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो आणि त्यामधल्या काळात सूर्य भर दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. उत्तरेच्या खिडकीला मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ ऊनही लागतं. उलट दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत दक्षिणेचं ऊन खोलीत आतवर शिरतं. अशा दक्षिणेच्या खोलीची शेड ऑक्टोबरात पाहून ठरवली तर मे महिन्यात ती अनोळखी वाटेल. नागपूर, अकोल्याकडे पश्चिमेच्या खोलीचं दुखणं वेगळं. तिथे चार वाजल्यानंतरचा तांबूस उजेड भिंतींवर आदळतो आणि पिवळा रंग नारिंगी होतो. अशा खोलीत निळसर किंवा हिरवट झाक असलेला फिका रंग खरंच दिलासा देतो. मुंबईत दिशेपेक्षाही समोरची इमारत महत्त्वाची. वीस फुटांवर गुलाबी इमारत असेल तर खिडकीतून येणारा सगळा उजेड गुलाबी. आंब्याचं झाड असेल तर हिरवा. दुकानात शेड बघताना ती इमारत आणि ते झाड सोबत नसतं.

संध्याकाळी हे सगळं पालटतं. आपल्याकडे बहुतेक घरांत 6500 केल्विनच्या निळसर पांढऱ्या ट्यूब असतात. त्यांच्या खाली क्रीम फिकट पडतं. स्वस्त एलईडीत गडद लाल उजेड कमी असल्यामुळे विटकरी, मरून असे रंग काळवंडतात. 2700 ते 3000 केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली तोच विटकरी जागा होतो, पण निळसर करडा गढूळ दिसतो. नोकरदार घरात माणसं बैठकीच्या खोलीत बसतात ती मुख्यतः रात्रीच. तेव्हा आधी दिवे ठरवावेत, बसवावेत आणि त्यांच्या उजेडात रंग बघावा. व्यवहारात क्रम नेमका उलटा असतो, दिवे शेवटी येतात.

रंगाचा मनावर परिणाम होतो, या विषयावर बोलणारे पुष्कळ. याबाबत मी सावध राहते. अमेरिकेत 1979 मध्ये सिएटलच्या नौदल तुरुंगातल्या कोठडीला एक ठरावीक गुलाबी रंग दिला गेला आणि कैदी काही मिनिटांत शांत होतात असं जाहीर झालं. बेकर-मिलर पिंक या नावाने तो रंग जगभरच्या कोठड्यांत गेला. काळजीपूर्वक आखलेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात गुलाबी आणि पांढऱ्या कोठडीतल्या कैद्यांच्या आक्रमकतेत फरक आढळला नाही. त्यामुळे अभ्यासाच्या खोलीला हिरवा दिला की मुलाचे गुण वाढतील, झोपायच्या खोलीला निळा दिला की झोप लागेल, अशा हमीवर पैसे घालू नयेत. घरच्यांना आवडणारा, आजीच्या मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना दाराची चौकट भिंतीपासून वेगळी दिसू देणारा रंग, हा निकष जास्त खरा आहे. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, फिके निळे आणि करडे एकमेकांत मिसळतात; म्हणून ज्येष्ठांच्या न्हाणीघरात पांढऱ्या फरशीवर पांढरं भांडं आणि पांढरी भिंत ठेवणं धोक्याचं असतं.

रंग ठरला तरी भिंत तयार हवी. दिवाळीच्या आत काम उरकायचं म्हणून पावसाळा संपल्या संपल्या लांबी मारली जाते आणि दोन महिन्यांत पोपडे सुटतात. भिंतीत मुरलेली ओल बाहेर पडायला वाट शोधत असते. चुना तिला जाऊ देतो, ऑईलपेंटचा घट्ट थर अडवतो. लोणा लागलेल्या भिंतीवर तर कोणतीही महाग शेड वाया जाते. आधी ओलीचं मूळ शोधावं. खरं तर रंगकामाला फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ उत्तम, आणि सणाच्या घाईत रंगवायचंच असेल तर बाहेरच्या, पाऊस झेललेल्या भिंती वगळून आतल्या कोरड्या खोल्या घ्याव्यात. नव्या गिलाव्याला किमान चार आठवडे द्यावेत, नाहीतर त्याचा अल्कधर्म रंगाला खातो.

जुन्या घरात आणखी एक जपायचं आहे. पिवळ्या, नारिंगी, हिरव्या ऑईलपेंटमध्ये पूर्वी शिशाची रंगद्रव्यं सर्रास असत. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा 90 पीपीएम ठरवणारा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीची दारं, खिडक्या, जाळ्या कोरड्या पॉलिशपेपरने घासल्या तर ती धूळ रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते, आणि वाढत्या मेंदूला शिसं थोडंही सोसत नाही. पाणी मारून घासावं, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवसांत घराबाहेर ठेवावं, खरवड ओल्या फडक्याने गोळा करावी. रंगाऱ्याच्याही नाकावर मास्क असावा. तो हे काम रोज करतो.

आता एक खोली घेऊ. पुण्यातली जुनी सोसायटी, दुसरा मजला, दहा बाय बाराची बैठक, शहाबादी फरशी, सागवानी दारं, पश्चिमेला गॅलरी आणि तिच्यापुढे आंबा. घरच्यांना एक भिंत विटकरी हवी आहे. गॅलरीच्या दाराची भिंत स्वतः अंधारात असते, कारण उजेड तिच्या मागून येतो. ती गडद केली तर बाहेरच्या लख्ख प्रकाशाशी विरोध वाढून डोळे दिपतात. तिला सर्वांत उजळ रंग द्यावा. विटकरी शोभेल ती समोरच्या, उजेड झेलणाऱ्या भिंतीवर. शहाबादीच्या निळसर करड्याशेजारी तो आपोआप उठून दिसेल, म्हणून शेड जरा मातकट घ्यावी. बाकीच्या दोन भिंतींना उजेडाचा साधारण सत्तर टक्के भाग परत पाठवणारा, पिवळ्याऐवजी किंचित करड्याकडे झुकलेला ऑफव्हाइट. शेडकार्डाच्या मागे हा आकडा पुष्कळदा छापलेला असतो. संध्याकाळचं ऊन या ऑफव्हाइटला लागेल तेवढी ऊब देईल. छत साधं पांढरं. सागवानाला पॉलिशच राहू द्यावं, त्याचा तपकिरी हा खोलीतला तिसरा रंग आहेच. गॅलरीच्या जाळीला मात्र गडद करडा ऑईलपेंट. पांढरी जाळी उन्हात चमकते आणि नजर तिच्यावरच अडकते. गडद जाळीतून आंबा दिसतो.

हे पक्कं करण्याआधी दोन बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्यांवर, प्रायमर लावून, दोन्ही शेड्सचे दोन-दोन हात मारावेत. पुठ्ठे आडवे न ठेवता ज्या त्या भिंतीला उभे टेकवावेत, खालची कड फरशीला लागलेली. सकाळी, साडेचारला आणि रात्री दिव्याखाली बघावेत, दोन-तीन दिवस तरी. भिंतीवरच नमुना ओढला तर जुन्या रंगाचा शेजार त्याला बिघडवतो. एकदा ठरलं की एका खोलीचे सगळे डबे एकाच वेळी, एकाच मशीनवरून करून घ्यावेत. वेगवेगळ्या दिवशी केलेल्या डब्यांत फरक पडू शकतो आणि तो नेमका भिंतीच्या मध्यावर उघडा पडतो. शेडचा क्रमांक, बेसचं नाव आणि तारीख माळ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवावी. उरलेला अर्धा लिटर घट्ट झाकून ठेवला की पुढच्या वर्षी खिळ्याची भोकं बुजवताना उपयोगी पडतो.